मास्तरांचा चमचा

मित्रांनो, या शहरातलं गोड हे खरोखर गोड आहे की नाही, याचा निकाल गेली सव्वीस वर्षं मी देत आलो आहे. माझ्या होकाराशिवाय इथे कुणाचा वाढदिवस झाला नाही. माझी संमती मिळेपर्यंत मोठमोठे साहेब निवृत्त व्हायचे थांबले आहेत. एकदा तर दोन घराण्यांचं ठरलेलं लग्न केवळ मी नाक मुरडलं म्हणून तासभर खोळंबलं होतं. थोडक्यात, या शहराचं सुख माझ्या तळहातावरून गेलेलं आहे.

मी एक जुना चमचा आहे. दांडा वाकडा, डावी कड झिजलेली, सध्या मुक्काम चहाच्या कपात.

आणि मी चिडलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणी दचकायला नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार हळव्या होतात. छत्री रडते, खुर्ची उसासे टाकते, कंदिलाला तर कंठच फुटतो. मला ते जमत नाही. मी स्टीलचा आहे.

रागाचं पहिलं कारण माझं नाव. कुणी साहेबाच्या मागे मागे करू लागला, साहेब जे बोलेल त्याला मान डोलावू लागला, की माणसं त्याला म्हणतात, ‘चमचा आहे लेकाचा!’ अरे, का? मी कुणाची कधी खुशामत केली? वाटीतलं उचलायचं, तोंडाशी न्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच तर मी करतो. पुढे माझ्या लक्षात आलं की खुशामत म्हणजे नेमकं तेच. पण ते पुढे. आधी जन्म.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एक पत्रा, एक दणका, आणि आम्ही बारा भावंडं. बाकीची अकरा एका खाणावळीत गेली. त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि खाणावळीला तर नाहीच नाही. मला एका म्हाताऱ्या केकवाल्याने निवडलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी मला दगडावर घासून माझी कड मऊ केली आणि आपल्या हाताखाली शिकून तयार झालेल्या तरुणाच्या खिशात खोचलं. म्हणाले, “हा तुझा चाखायचा चमचा. दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि एक लक्षात ठेव. चाखलेलं गिळायचं. थुंकायचं नाही. गोडाचा खरा न्याय घशात होतो.”

शेवटची काही वर्षं उस्ताद स्टुलावर बसून काम करायचे. पाय साथ देत नाहीत, म्हणायचे. का देत नाहीत, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

तो तरुण म्हणजे आमचे मास्तर. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. पुढच्या अंगाला काचेचं कपाट आणि गल्ला, मागे भट्टीची खोली, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत तयार माल पुढे सरकवायला हातभर खिडकी. गल्ल्यावर मास्तरांची बायको बसते. सगळा रस्ता त्यांना वहिनी म्हणतो. वहिनींना गिऱ्हाईक कळतं, मास्तरांना केक कळतो, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात झाली होती आणि ती कुणी मोडली नव्हती. वहिनींनी कधी हौसेने भांड्यात बोट बुडवलं, की मास्तर म्हणायचे, “ए, हात काढ. तुला त्यातलं कळत नाही.”

माझं काम कसं चालायचं ते सांगतो. मिश्रण फेटलं, चाख. क्रीम झालं, चाख. त्यात अर्क टाकला, पुन्हा चाख. पाक, जॅम, चॉकलेट, सगळ्यांची हजेरी माझ्यावर. प्रत्येक वेळी मला शेजारच्या पेल्यातल्या पाण्यात खळबळायचं आणि पुढच्या भांड्यात बुडवायचं. तो पेला रोज संध्याकाळी वहिनी धुवायच्या. लोक म्हणायचे, मास्तरांच्या जिभेला तोड नाही. जिभेपर्यंत माल कोण पोहोचवतं, हे कुणी म्हणायचं नाही. मला त्याचा राग यायचा. पण तेव्हाचा राग म्हणजे आपला हौशी राग. खरा राग गेल्या वर्षी आला.

गेल्या वर्षी मास्तरांना तहान लागू लागली. साधी नव्हे, बादलीला लाजवील अशी. मग केकवर लिहिताना त्यांची नजर फिरू लागली. ‘अभिनंदन’मधल्या ‘न’वरचा अनुस्वार शेजारच्या ‘द’च्या डोक्यावर जाऊन बसू लागला, आणि बढती मिळालेल्या एका भल्या माणसाला सगळ्या कचेरीसमोर ‘अभिनदंन’ कापावं लागलं. मास्तर म्हणाले, बल्ब बदलायला झालाय. बल्ब बदलला. अनुस्वार होता तिथेच.

आणि मग अंगठा. मास्तर भट्टीच्या खोलीत उघड्या चपला घालायचे. एके दिवशी उकळता पाक ओतताना धार चुकली आणि डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. मास्तर शीळ घालत ओतत राहिले. खिडकीतून वहिनी ओरडल्या, “अहो, पाय!”

“कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

पंधरा दिवसांत जखम बरी व्हायच्या ऐवजी खोल गेली. वहिनींनी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. मी खिशात होतो, म्हणून हे सगळं कानांनी ऐकलेलं सांगतो आहे. डॉक्टरीणबाईंनी आधी पाय पाहिला, मग रक्त तपासलं, मग कागद पाहिला आणि म्हणाल्या, “शुगर निघाली.”

“हरवली कधी होती?” मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, हसतील. बाई हसल्या नाहीत.

“टाइप टू मधुमेह आहे. बरेच दिवस असणार. तुम्हाला आज कळला.”

“आमच्या घरात कुणाला नाही.”

“आता आहे.”

मित्रांनो, सव्वीस वर्षांत मी मास्तरांचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता. ते डॉक्टरीणबाईंवर चिडले, तपासणीच्या कागदावर चिडले, भिंतीवरच्या हसऱ्या सफरचंदाच्या चित्रावर तर विशेषच चिडले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग गोळ्या लिहून दिल्या, काय खायचं ते सांगितलं, बंद बूट घालायला सांगितले, साखर मोजायचं एक यंत्र दिलं आणि एक कोरी वही पुढे केली.

“तोंडात जे जे जाईल, ते ते इथे लिहायचं. अगदी सगळं. दर आठवड्याला पट्टी बदलायला या. तीन आठवड्यांत शुगर खाली यायला लागली पाहिजे. नाही आली, तर या अंगठ्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही.”

परत येताना मास्तरांनी पायाकडे बोट दाखवलं. म्हणाले, “माणसाला दहा बोटं असतात, त्यातलं ह्यांना नेमकं हेच दिसलं.”

“पायाचीच दहा असतात,” वहिनी म्हणाल्या. “आणि ती दहाच ठेवायचीत.”

दुसऱ्या दिवसापासून सगळा रस्ता डॉक्टर झाला. शेजारचा किल्लीवाला तर हातातली कानस ठेवून आला.

“मास्तर, घाबरायचं काही कारण नाही. माझे सासरे रोज उपाशीपोटी कडू पाल्याचा रस प्यायचे.”

“मग?”

“मग काय. गेले.”

“शुगर?”

“सासरे.”

मास्तरांनी त्याच्या अंगावर पिठाची चाळण उगारली. पण घरी मात्र त्यांनी पथ्य पाळलं, हे मी शपथेवर सांगतो. साखरेचा डबा स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला. चहा बिनसाखरेचा. जेवणाचं ताट वजनकाट्यावर ठेवून, ग्रॅम मोजून. वहीत सुवाच्य अक्षरात नोंदी: ‘सकाळी, काकडी. दुपारी, उकडलेलं अंडं, पालेभाजी. संध्याकाळी, संताप.’ दुसऱ्या दिवशी, ‘सकाळी, काकडी. संध्याकाळी, काकडीचा संताप.’

आणि तरी यंत्रातला आकडा हलेना. बोटाला टोचायचं, थेंब द्यायचा, आकडा वाचायचा आणि यंत्र टेबलावर आपटायचं, असा रोजचा क्रम झाला. त्या यंत्राचाही मला राग यायचा. कालचं आलेलं कार्टं, पण सगळं घर त्याच्या तोंडाकडे पाहून हसणार नाहीतर रडणार. मी सव्वीस वर्षं तोंडापर्यंत जात होतो, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पहिला आठवडा गेला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, जखम पाहिली, वही पाहिली आणि विचारलं, “एवढंच खाता?”

“एवढंच.”

“मग साखर येते कुठून?”

हा प्रश्न मास्तर घरी घेऊन आले. आणि दोन दिवस मनात ढवळून त्यांनी जे उत्तर काढलं, ते ऐकून मी खिशातल्या खिशात गार पडलो.

“तूच काहीतरी घालतेस,” ते वहिनींना म्हणाले.

वहिनींच्या हातात डाव होता. तो तसाच राहिला.

“काय म्हणालात?”

“सूप गोड लागतं.”

“टोमॅटोचं आहे. टोमॅटो गोड असतो.”

“एवढा नसतो. तुला दया येते माझी, म्हणून चोरून घालतेस. अंगठा गेला तर तुझ्यामुळे जाईल.”

वहिनींनी डाव खाली ठेवला. आदळला असता तर बरं झालं असतं. अगदी हळू ठेवला. “उद्यापासून तुमचं तुम्ही करून खा,” म्हणाल्या. “आणि माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलू नका. तुमचं कुठलंच काम आता मी करणार नाही.”

त्या दिवसापासून दोघं त्या हातभर खिडकीतून एकमेकांकडे केक सरकवायचे आणि नजर चुकवायचे. मास्तर स्वतःची काकडी स्वतः कापायचे. आकडा होता तिथेच. आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. माझ्या खोबणीतून दिवसाला किती साखर त्या घशाखाली उतरते, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पण मास्तरांच्या हिशेबात ते खाणं नव्हतंच. ते काम होतं. शिंपी दिवसभर कोट बेततो म्हणून कुणी म्हणतं का, शिंप्याने आज वीस कोट घातले? तसं ते चाखायचे. खायचे ती काकडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तोंडात जाईल ते लिहा. मास्तरांनी ऐकलं, खाल ते लिहा. खोटं ते एक अक्षर लिहीत नव्हते. वेळ आली असती तर आरशासमोर शपथ घेतली असती.

मी किती ओरडलो! भांड्याच्या काठावर आपटलो, पेल्यात खणखणलो. मास्तर म्हणायचे, “आज हात थरथरतोय,” आणि धीर यावा म्हणून आणखी एक चमचा क्रीम चाखायचे.

मित्रांनो, शेवटी खरं बोलल्या त्या मुंग्या.

वहिनींनी मास्तरांची कामं सोडली, त्यात माझा पेला धुणंही सुटलं. मास्तरांना पेला धुवायचा असतो हेच माहीत नव्हतं. पाणी संपलं की आणखी घालायचं, एवढंच त्यांना येत होतं. चार दिवसांत त्या पाण्याचा पाक झाला. पाचव्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. पेल्यापासून निघाली, खिडकीवर चढली आणि थेट वहिनींच्या गल्ल्यापर्यंत आली. वहिनी रांगेच्या मागे मागे चालत भट्टीच्या खोलीत आल्या. मास्तर माल पोहोचवायला बाहेर गेले होते. वहिनींनी पेला उचलला, तिरका केला. पाणी तारेसारखं ओघळलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत माझ्याकडे असं नीट पाहणारं ते पहिलं माणूस.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा वहिनींपुढे एक बरणी आणि एक रिकामी वाटी होती. टार्टची पारी भाजताना ती फुगू नये म्हणून आमच्याकडे तिच्यावर वाळलेले वाटाणे पसरून ठेवतात. त्या वाटाण्यांची बरणी. मास्तरांचा हात तोंडाकडे गेला, की खिडकीपलीकडे टक्. गेला, टक्. एका गिऱ्हाइकाला वहिनी म्हणाल्या, “थांबा हं जरा,” आणि टक्. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं. वहिनी वाटी घेऊन आत आल्या.

“आजची वही वाचा.”

मास्तर चमकले. सहा दिवसांनी पहिला शब्द. “काकडी. अंडं.”

“हे मोजा.”

“वाटाणे?”

“मोजा.”

त्रेसष्ट भरले. वहिनींनी मला मास्तरांच्या हातातून काढून घेतलं, क्रीमच्या पातेल्यात बुडवलं आणि रिकाम्या वाडग्यात उपडं केलं. “एक.” पुन्हा बुडवलं. “दोन.” मास्तर आधी हसले. विसाला हसायचे थांबले. तिसाच्या पुढे पहिला वाडगा काठोकाठ भरला, वहिनींनी दुसरा घेतला. त्रेसष्टला दुसराही भरून वर क्रीमचा डोंगर झाला होता.

“हे... मी खाल्लं?”

“छे. तुम्ही चव बघितली. खाल्ली ती काकडी.”

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “मग काय करू? डोळे मिटून केक करू? हा धंदा आहे! माझ्या जिभेवर हे दुकान उभं आहे, कळतं का तुला?”

“तुमच्या जिभेचं मला सांगू नका!” वहिनीही भडकल्या. “सहा महिने झाले, तुमचे केक कचकचीत गोड होतायत. तुम्हाला पुरेसं लागत नाही म्हणून तुम्ही ओतत सुटलायत. परवा शाळेच्या बाईंनी अर्धा केक परत पाठवला. रोज कुणी ना कुणी बोलतं. मी गोड बोलून वाटेला लावते.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला काही सांगायची सोय होती कधी? सूप गोड लागलं तरी मीच चोर!”

शुगर निघाली तेव्हा मास्तर ओरडले होते. आता ओरडले नाहीत. त्यांनी वहिनींच्या हातातून मला हिसकावलं आणि भट्टीच्या दारावर असं भिरकावलं, की माझा दांडा कायमचा वाकला. त्यांना शब्द सापडत नव्हते, मी सापडलो.

खाली फरशीवर पडल्या पडल्या मला माझ्या नावाचा अर्थ कळला. मलाही ठाऊक होतं की. सहा महिने क्रीम जड झालं होतं, पाक दाट झाला होता. रोज मी तेच उचललं, तोंडाशी नेलं आणि गप्प बसलो. आदळआपट केली ती अंगठ्यावर आल्यावर. माणसं म्हणतात ते बरोबर आहे. मी चमचाच निघालो.

मास्तर पिठाच्या पोत्यावर बसले. बूट काढला, पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “दुखत नाही गं. एवढं जळलंय, आणि दुखत नाही. राग त्याचाच येतो. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

“मलाही राग येतो,” वहिनी म्हणाल्या.

“माझा?”

“तुमचा तर येतोच. पण त्याचाही येतो.”

मग थोडा वेळ दोघं मिळून चिडले. सहा दिवसांत एकत्र केलेलं ते पहिलं काम.

“उद्यापासून चाखायचं मी,” वहिनी म्हणाल्या.

“तुला त्यातलं...” मास्तरांनी वाक्य सुरू केलं. दोन भरलेल्या वाडग्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं. “चाखशील, पण गिळायचं. उस्ताद म्हणायचे...”

“उस्ताद स्टुलावर का बसायचे हो?”

मास्तरांनी पायात बूट चढवला. उठले, कोपऱ्यातलं रिकामं भांडं उचललं आणि वहिनींपुढे ठेवलं. थुंकायला.

आणि मित्रांनो, इथे माझा कडेलोट झाला. मला वाटलं, वाकडा का होईना, आता मी वहिनींच्या हातात जाणार. वहिनींनी मला उचललं, निरखलं आणि म्हणाल्या, “केवढा मोठा आहे हा! चव बघायची की जेवायचं?” खोकल्याच्या औषधाबरोबर येतो ना, तो इवलासा चमचा त्यांनी कपाटातून काढला. प्लॅस्टिकचा. गुलाबी. सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर माझ्या गादीवर एक गुलाबी प्लॅस्टिक बसलं. तो टोकाला थेंबभर घेतो, वहिनी जिभेवर फिरवतात, थुंकतात आणि म्हणतात, “साखर कमी करा.” मास्तर पाय आपटतात (उजवा) आणि कमी करतात. शाळेच्या बाई परत आल्या. गेल्या आठवड्यात दोन केक घेऊन गेल्या.

त्या दिवशी वहीत मास्तरांनी लिहिलं: ‘काकडी. अंडं. चव, त्रेसष्ट चमचे, दुपारपर्यंत. नंतर शून्य. संताप, भरपूर.’ डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा हसल्या. चार दिवसांतच आकडा उतरू लागला होता. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटच्या त्या भेटीत त्यांनी पट्टी सोडून सांगितलं, “जखम भरतेय. अंगठा राहील. नखाचं सांगता येत नाही.”

“नखाने मी कुठे केक लिहितो?” मास्तर गुरकावले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी वहिनींचा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. रस्ता रुंद होता म्हणून असेल.

मास्तर अजून चिडलेले आहेत. काकडीवर, फिरायला जाण्यावर, रोज टोचून घेण्यावर. चिडत चिडत सगळं करतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. हसत हसत पथ्य पाळणारी माणसं फक्त दवाखान्याच्या भिंतीवर असतात, त्या सफरचंदाशेजारी.

तर मित्रांनो, माझं सांगणं इतकंच. जे थोडं थोडं, काम म्हणून, सवय म्हणून, उभ्या उभ्या तोंडात जातं, तेही लिहीत चला. घरातलं कुणी उगाच तहानेलं होत असेल, कुणाचा अनुस्वार भलत्या अक्षरावर बसत असेल, कुणाला भाजलेलं कळत नसेल, तर गोड बोलून दिवस ढकलू नका. तपासायला न्या. हवं तर भांडा, पण न्या. आणि चमचे होऊ नका. ते कसं असतं, मी पाहिलंय.

माझ्यासाठी काही मागायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक गोष्ट राहवत नाही. मास्तरांनी मला टाकलं नाही. रोज सकाळी त्यांच्या बिनसाखरेच्या चहात मला घालतात आणि पाच पाच मिनिटं ढवळत बसतात. तुमच्यापैकी कुणी दुकानात गेलं, तर त्यांना जरा सांगा: मास्तर, आत काही नाहीये. गरगरायला होतं.